कुत्रा, कस्टमर केअर आणि माझं इंग्लिश

इंग्लिश सुधारायचं तर बिनधास्त बोला असं जो तो सांगतो, पण कोणाशी बोला ते कोणीच सांगत नाही. मी मराठी मिडियमचा, आणि तेही २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्याच्या आधीच्या बॅचचा, म्हणजे एबीसीडीची ओळखच पाचवीत. व्याकरण पाठ होतं हो, पॅसिव्ह व्हॉइस झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता, पण पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं की कँटीनमधे पॅसिव्ह व्हॉइसमधे चहा कोणीच मागत नाही.

मग रूमवर नियम केला, फक्त इंग्लिश, मराठी शब्द निघाला की पाच रुपये दंड. रूम इतकी शांत कधीच नव्हती, घरमालक काकांना वाटलं पोरं अभ्यासाला लागली. भाजीत मीठ कमी आहे हे हातवारे करून सांगायचो. शेवटी एकदा पाण्याच्या बादलीवरून जुंपली आणि एका दमात सगळ्यांचा महिन्याचा दंड जमा झाला, आईशप्पथ, इंग्लिशमधे भांडताच येत नाही!

आरसा झाला, पण तो उलटा प्रश्न विचारत नाही. मग काकांचा कुत्रा. आपल्याकडे एक बरंय, घरात कोणाला इंग्लिश येवो न येवो, कुत्र्याशी सगळे इंग्लिशच बोलतात, कम, सिट, नो नो, गुड बॉय. पण आमचं दोघांचंही गाडं आज्ञार्थाच्या पुढे गेलं नाही.

खरा आधार कस्टमर केअरचा. टोल फ्री नंबर, इंग्लिशचं बटण दाबायचं आणि सुरू. ती माणसं हसत नाहीत, वैतागत नाहीत, मुख्य म्हणजे आपल्या आधी फोन ठेवत नाहीत. (त्यांचा पगार त्यासाठी नाही हे मला कळतं.) कॉलर ट्यून बंद कशी करायची हे मी किती जणांना विचारलं असेल, आणि कॉलर ट्यून माझ्या फोनला कधी नव्हतीच.

पुढे प्लेसमेंट आलं, त्यात ग्रुप डिस्कशन. क्लासच्या सरांनी युक्ती दिली, आधी दुसऱ्याला बोलू द्यायचं, मग ‘आय अ‍ॅग्री विथ माय फ्रेंड’ म्हणून मधे घुसायचं, तेवढ्यात पुढचं वाक्य सुचतं. एकदम भारी. त्या दिवशी आम्ही गोल करून बसलो, विषय मिळाला, घड्याळ लावलं, आणि कोणी तोंडच उघडेना. सगळे त्याच क्लासचे. जो तो अ‍ॅग्री व्हायला टपलेला, पण आधी बोलणारा फ्रेंड कोणी व्हायलाच तयार नाही.