टीव्हीने छोट्या गावांतली थिएटरं बंद पाडली? हिशेब जुळत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. छोट्या गावांतली जुनी थिएटरं टीव्ही आला म्हणून बंद पडली, मालकांनी काळाप्रमाणे बदल केले नाहीत, आगी लागायच्या त्या त्यांच्या हलगर्जीपणामुळे आणि आता त्यांतलं एकही चालू नाही, असा त्याचा सूर. वाचताना पटतं. पण चारही विधानांत खोट आहे, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ते पडदे चालवले त्यांच्यावर हा अन्याय आहे.

टीव्हीचं आधी पाहू. अमेरिकेत सिनेमाला सर्वाधिक गर्दी १९४६ च्या सुमारास होती. १९५० पर्यंत त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गळाला होता. तेव्हा टीव्ही शंभरातल्या जेमतेम नऊ घरांत होता आणि १९४८ ते १९५२ या काळात नव्या टीव्ही केंद्रांना परवाने देणंच थांबवलं होतं. ज्या गावात टीव्ही दिसतच नव्हता, तिथलं थिएटर त्याने कसं बंद पाडलं? ब्रिटनमध्ये १९४६ साली सुमारे १६३ कोटी तिकिटं खपली, १९५५ मध्ये ११८ कोटी, १९६० मध्ये ५० कोटी. शेवटच्या घसरणीत टीव्हीचा हात मोठा आहे, हे मान्यच. पण ओहोटी आधीच लागलेली होती.

खरं दुखणं चित्रपट मिळण्याचं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. लहान गावात दोन-तीन दिवसांत सगळ्यांचा सिनेमा बघून व्हायचा, म्हणून आठवड्यात दोन-तीनदा चित्रपट बदलावा लागे. अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंची स्वतःचीच थिएटरं होती, मोक्याच्या जागी, बहुतेक शहरांत. नवा चित्रपट आधी तिथे लागायचा. गावात प्रिंट पोचायची ती रेघा पडलेली. शिवाय एक चांगला हवा तर चार पडेल चित्रपटही घ्या, अशी सक्ती. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट या बड्या स्टुडिओवरच्या खटल्यात ही सक्ती बेकायदा ठरवली आणि पुढे स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली. निकाल छोट्या मालकांच्या बाजूचा होता, पण फळ उलटं मिळालं. हक्काची थिएटरं गेल्यावर स्टुडिओंनी थोडेच आणि मोठे चित्रपट काढायला सुरुवात केली. आठवड्याला तीन चित्रपट लावणाऱ्याला चित्रपटच पुरेनात.

मालक बदलले नाहीत, हा आरोप तर फारच लागतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला तेव्हा त्यांनी ध्वनियंत्रणा बसवली. ज्यांना ती झेपली नाही त्यांनी कुलूप लावलं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला, तेव्हा नवा रुंद पडदा, नवी भिंगं आणि वर महागडा स्टिरिओ आवाजही घ्याच, असा ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सचा आग्रह. छोटे मालक अडून बसले आणि १९५४ मध्ये कंपनीला साध्या आवाजाच्या प्रिंट द्याव्या लागल्या. मग प्रोजेक्टरमध्ये उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या जाऊन झेनॉनचे दिवे आले, तेही त्यांनी बसवले. खरा घाव डिजिटलचा, म्हणजे रिळाऐवजी संगणकातल्या फाइलवरून चित्रपट दाखवण्याचा. नव्या प्रोजेक्टरच्या खर्चाला स्टुडिओ हातभार लावत, पण तो प्रामुख्याने चित्रपट पहिल्या आठवड्यात लावणाऱ्यांना. उशिरा चित्रपट मिळणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही, आणि थोड्याच वर्षांत ३५ मिमी रिळावरच्या प्रिंट निघणं जवळपास थांबलं.

आगींबद्दल थोडक्यात. १९५० च्या आसपासपर्यंत रीळ नायट्रेट या चटकन पेट घेणाऱ्या पदार्थाचं असे. ते एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. म्हणून तर ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने ऑपरेटरची खोली आगीला दाद न देणारी करायला लावली. हलगर्जीपणा काही ठिकाणी झाला असेल, पण धोका मालातच होता.

आणि एकही उरलं नाही? अमेरिकेत आयोवातल्या वॉशिंग्टन या छोट्या गावात १८९७ पासून चित्रपट दाखवणारं स्टेट थिएटर आहे, डेन्मार्कमधल्या कोर्सरचं थिएटर १९०८ पासूनचं. फ्रान्समधल्या ला सिओता गावचं १८८९ सालचं एडन बंद पडलं होतं, ते डागडुजी होऊन २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. नॉर्वेत १९१३ च्या कायद्याने थिएटरचे परवाने नगरपालिकांच्या हाती आले आणि बऱ्याच पालिकांनी थिएटर स्वतःच चालवायला घेतलं. २०११ मध्ये त्या देशातली लहानमोठी थिएटरं एकाच सामायिक योजनेतून डिजिटल झाली.