गाळणी घरी राहिली

हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलं आणि मी नौपाड्यातल्या आमच्या घरात सॅक भरायला घेतली. ती पाठीला लावून वजनकाट्यावर उभा राहिलो, मग काढून उभा राहिलो. फरक १७ किलो! ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात बसावं म्हणतात. माझ्या ६५ किलोंना १३ झेपतात. म्हणजे एक तर ४ किलो सामान काढायचं, नाहीतर मी २० किलोंनी वाढायचं. दुसरा मार्ग सोपा होता, पण हातात दोनच दिवस होते.

लीडरने फर्मान काढलं, "जी वस्तू तीन कामं करत नाही, ती घरी."

टॉवेल, मफलर, रुमाल गेले. त्यांच्या जागी आईने बाबांचा जुना पंचा दिला. "घे रे, पटकन वाळतो." रेनकोट आणि चटई जाऊन पोंचो आला : घातला तर रेनकोट, अंथरला तर चटई, दोरीवर टाकला तर छप्पर. शेवटच्या कसारा लोकलला मी ठाण्यात इतका हलका होतो की गर्दीनेच मला आत नेऊन ठेवलं.

पाचनईहून गडावर पोचलो. रात्री परतीचा पाऊस आला आणि पोंचोची खोड कळली. तो तिन्ही कामं करतो, पण एका वेळी एकच. छप्पर करावं तर दोरीने सकाळीच माझ्या बुटाचा सुटलेला सोल बांधलेला. शेवटी अर्धा पोंचो खाली, अर्धा वर आणि मध्ये मी, अशी करंजी केली. कडा काही नीट चिकटल्या नाहीत.

पंच्याची कथा त्याहून करुण. रात्री त्याने डोकं पुसलं. सकाळी त्यानेच गरम टोप उतरवला, कारण सांडशी एकच काम करते म्हणून घरी होती. गाळणीही त्याच गुन्ह्यासाठी घरी.

"चहाला वास कसला येतोय?" लीडरने विचारलं.

"धुराचा," मी म्हणालो.

उतरताना गुडघा सोलवटला (पाचनईची वाट सोपी आहे, हे मला तीन जणांनी सांगितलं होतं). बांधायला पंचाच. आल्याचा वास येणारी जखम गडाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

ठाण्यात उतरलो तर रिक्षाच्या रांगेवर धो-धो पाऊस. पोंचो दोन्ही बाजूंनी चिखलाने माखलेला, तेव्हा भिजतच घर गाठलं. आईने आधी गुडघा पाहिला, मग पंचा.

"सोड तो, आणि मोरीपाशी ठेव," ती म्हणाली. "तरी परवापासून सांगतेय, पोतेरं फाटलंय."