वाटणीत आले दगड

थोरले मामा गेले आणि वाटणीत मला दगड आले. चिडून बोलत नाहीये, खरंच दगड आले. शेत थोरल्या मामेभावाला, बुलेट धाकट्याला, आणि कार्य उरकल्यावर मामी माळ्याकडं बोट करून मला म्हणाल्या, "तुला बारकेपणी लई आवडायचे की रे ते, घेऊन जा बाबा, माझी सुटका कर." बारकेपणी मला मामांच्या खिशातल्या गोळ्या आवडायच्या. दगड एकदाच हातात घेतला होता आणि तो पायाच्या अंगठ्यावर पाडून घेतला होता. पण तेराव्याच्या घरात कोण वाद घालणार, म्हटलं नेतो.

ट्रंक हिरवी, पत्र्याची. रिक्षावाल्यानं एका बाजूनं उचलली, परत खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "काय हाय वो ह्यात?" म्हटलं दगड. तर म्हणतो, "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे की." आणि वीस रुपये जादा घेतले.

घरी येऊन उघडली तर आत ४३ चकत्या, एकेक जुन्या पेपरात गुंडाळलेली. तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान, बोटभर जाडीच्या, एक बाजू आरशासारखी पॉलिश केलेली आणि मागच्या बाजूला करवतीच्या रेघा. तांबड्या, हिरव्या, दुधाळ, कांदा चिरल्यासारखे पट्टे असलेल्या, एक तर थेट पोपटी आणि काळ्या गोल-गोल रेघांची. आमचे मामा उद्यमनगरातल्या एका कारखान्यासाठी ऑईल इंजिनच्या पार्टांच्या ऑर्डरी घेत गुजरात, राजस्थान, यूपी असे हिंडायचे. बाकीची माणसं फिरतीवरून पेढे आणतात, साडी आणतात, मामा दगड आणायचे. प्रत्येकाच्या मागं एक नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती, पण बहुतेक चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या आणि नंबरांची वही ट्रंकेत नाही. म्हणजे उत्तरपत्रिका आहे, प्रश्नपत्रिका गहाळ.

हिनं सगळं बघून घेतलं आणि शांतपणे अट घातली, "ह्यांची नावं सांगा, चिठ्ठ्या लावा, शोकेसमध्ये ठेवू. नाव सांगता येत नसेल तर दिवाळीच्या आत ट्रंक घराबाहेर." रास्त आहे म्हणा. नाव नसलेला पाहुणा किती दिवस ठेवून घेणार.

आता आपली अडचण अशी आहे की आपण कोल्हापूरकर. आपल्याला दगड म्हणजे एकच माहिती, काळा. अंबाबाईचं देऊळ काळं, घाटाच्या पायऱ्या काळ्या, पाटा-वरवंटा काळा, रंकाळासुद्धा म्हणे मुळात दगडाची खाणच होती. आमच्या वरच्या मजल्यावर भूगोलाचे रिटायर्ड सर राहतात, ते सांगतात की हा सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर बसत गेले आणि आजसुद्धा जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. एवढ्या मोठ्या टापूत एकच रंग! अशा गावात वाढलेल्या माणसाकडं दगडाला शब्द किती असणार? काळा, जांभा, मुरूम, खडी आणि गारगोटी. त्यातसुद्धा गारगोटी म्हटलं की निम्म्या लोकांना दगड नाही, भुदरगडची एसटी आठवते.

पहिल्यांदा पोराच्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकलं. फोटो काढायचा, ते नाव सांगणार. एका तांबड्या चकतीचा, ज्यात पांढऱ्या शिरा होत्या, ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर जास्पर म्हणालं. खिडकीत काढला तर लाकडाचा जीवाश्म. जेवणाच्या टेबलावर ताटात ठेवून काढला तर कच्चं मटण. पोरगं म्हणालं, पप्पा तिसरं बरोबर वाटतंय, पांढरा रस्सा लावूया. अ‍ॅप काढून टाकलं.

मग सरांकडं गेलो. सरांची गंमत अशी की त्यांना एक विचारलं की ते साडेसहा कोटी वर्षांपासून सुरुवात करतात, पण माणूस तयारीचा. म्हणाले, लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, जाळीदार पोळ्यासारख्या, मग त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपतं आणि आतल्या भिंतीवर एकावर एक पापुद्रे धरत जातात, तो अकीक, म्हणजे अ‍ॅगेट. म्हणजे कांदाच, फक्त परतायला काही लाख वर्षं लागतील. ओळखायची खूण त्यांनी सोपी सांगितली, मागून बॅटरी मार, कडेनं उजेड झिरपला तर अकीक, ठार अंधार राहिला तर जास्पर किंवा दुसरं काहीतरी.

त्या रात्री बाथरूमची लाइट बंद करून बादलीवर बसून मी ४३ दगडांना बॅटरी मारली. बाहेरून ही विचारतेय, बरं वाटत नाहीये का? १९ चकत्यांतून उजेड आला. आणि खरं सांगू, त्यातल्या एका चकतीत मधासारख्या उजेडात बारीक-बारीक पट्टे असे उठून दिसले, केसाएवढे, मोजायला लागलो आणि साठच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं, की मांडी आखडली तरी मी तिथून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी उत्साहात चिठ्ठ्या लिहायला बसलो, मराठीत काय म्हणायचं म्हणून डिक्शनरी उघडली तर अ‍ॅगेटपुढं 'गोमेद'. लिहून टाकलं १९ वेळा गोमेद. नेमके संध्याकाळी आमचे मेहुणे टपकले, त्यांना पत्रिकेतलं कळतं. एक चिठ्ठी वाचली आणि खुर्चीवरून उठलेच. "दाजी, राहूचे एकोणीस खडे घरात? म्हणून तुमचं प्रमोशन अडलंय!" आता अंगठीतला गोमेद म्हणजे मधाच्या रंगाचा गार्नेट, त्याचा आणि ह्या अकीकाचा काडीचा संबंध नाही, नुसता नावाचा घोळ, हे मी त्यांना चहा होईपर्यंत समजावलं. चहा पिऊन म्हणाले, तरीपण शनिवारचे नारळ फोडा. सगळ्या चिठ्ठ्या फाडून परत 'अकीक' लिहिलं.

फरशी-ग्रॅनाइटच्या दुकानदाराला दाखवायची माझी फार इच्छा नव्हती, कारण त्या धंद्यात जे काळं ते ग्रॅनाइट आणि जे गुळगुळीत ते मार्बल. पण हा माणूस निघाला बेरकी. गुलाबी आणि निळी चकती नुसती उलटी करून म्हणाला, "साहेब, रंगवलेल्या आहेत, हे बघा भेगेत रंग जास्त मुरलाय." आणि जी चकचकीत तपकिरी, आत सोन्याची चमकी असलेली, जिच्यावर घरातल्या सगळ्यांचा डोळा होता आणि जी विकून फ्रीज येईल असं ठरलं होतं, ती त्यानं भिंगाखाली धरली. "दगडच न्हाई हा. काच आहे. आत तांब्याचे कण आहेत." मी घरी येऊन भिंगातून बघितलं तर खरंच, बारीक त्रिकोणी पत्रे, सगळे सारखे, निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. फ्रीज कॅन्सल.

चाकूची परीक्षा सरांनीच सांगितली होती. मोहसची कठीणपणाची पट्टी आहे, १८१२ सालची, त्यात संगमरवरातलं कॅल्साइट ३, अकीकातलं क्वार्ट्झ ७, आणि साधा चाकू साडेपाचच्या आसपास. म्हणजे अकीकाला चाकू लागत नाही, संगमरवराला लागतो. पॉलिशच्या बाजूनं करायचं नाही, मागच्या बाजूला, कडेला. मी केलं. पहिल्याच अकीकावर लख्ख पांढरी रेघ उमटली! दुसऱ्यावर पण! म्हणजे १९ पैकी एकही अकीक नाही? जेवलो नाही त्या रात्री. सकाळी सरांना दाखवलं तर त्यांनी बोटाला थुंकी लावून रेघ पुसली, गेली. "अरे, दगडाला ओरखडा नाही पडला, दगडानं तुझा चाकू झिजवला. ही चाकूची धातू आहे." भाजीचा चाकू होता. त्यानंतर आठवडाभर टोमॅटो दाबून खाल्ले आम्ही, कापले जात नव्हते.

मग वजनाची परीक्षा. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफबाजारात, माझा शाळेतला दोस्त सोनार आहे, त्याच्याकडं बारीक काटा. आधी नुसतं वजन करायचं, मग दोरीला टांगून पाण्यात बुडवून वजन करायचं, आणि पहिल्या वजनाला दोन्हीतल्या फरकानं भागायचं, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते कळतं. अकीक भरला २१२ ग्रॅम, पाण्यात १३२, फरक ८०, भागाकार २.६५, पुस्तकात क्वार्ट्झचा आकडा तोच. आम्ही दोघं दुकानात असे ओरडलो की मंगळसूत्र बघायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. पोपटी चकती १५२, पाण्यात ११३, म्हणजे ३.९. मॅलाकाइट, तांब्याचा खनिज. दोस्त म्हणाला, भावा, तू नाद खुळा माणूस आहेस, आता दुकान उघडू दे.

आणि मग मी पिशवीतनं नंबर १४ काढला. चिठ्ठी शाबूत असलेल्या मोजक्यांपैकी हा. काळाभोर, मऊ पॉलिश, एका कोपऱ्यातून तिरकी पांढरी शीर. ह्याच्याबद्दल सगळ्यांची मतं वेगवेगळी होती, मेहुणे म्हणाले शनीचा, शेजारचे म्हणाले शाळिग्रामाचा भाऊ. दोस्तानं हातात घेतला आणि त्याचे डोळे चमकले. "कसोटी हाय ही! आजोबांकडं असाच होता." लगेच हातातली अंगठी घासली, सोन्याची सुंदर पिवळी रेघ उठली, आणि आता बघ म्हणत त्यावर तेजाबाचा थेंब टाकला.

फस्स्!

सोनं राहिलं बाजूला, दगडच उकळला. सोड्याच्या बाटलीसारखा. खरी कसोटी सिलिकाची असते, तेजाबाला ढिम्म हलत नाही. जो फसफसतो तो चुनखडक. दोस्त रेघ शोधतोय, रेघ फेसाबरोबर वाहून गेलेली. "ती नाही म्हणायची," तो म्हणाला, आणि अंगठी बराच वेळ बघत बसला.

काळा चुनखडक. कुठला? मोरोक्कोचा? तिकडं काळ्या चुनखडकात जीवाश्म सापडतात असं वाचलं होतं. रात्री सगळे झोपल्यावर भिंग घेऊन स्वयंपाकघरात गेलो, नंबर १४ च्या कडेवर लिंबू पिळलं, भिंगातून बारीक बुडबुडे दिसले, खूश होऊन हात झटकला तर चार थेंब ओट्यावर. सहज भिंग तिकडं नेलं.

बुडबुडे. तसेच.

ओट्यावर पण एक पांढरी शीर आहे, गॅसकडून तिरकी येते आणि सिंकच्या कडेला तुटते, रोज बघतो, कधी बघितली नव्हती. नंबर १४ त्या कडेला टेकवला आणि फिरवत-फिरवत आणला. शिरेला शीर जुळली. मोरोक्को नाही वो, कडाप्पा! आमच्या घराचा ओटा बसवला तेव्हा मामा देखरेखीला उभे होते, सिंकसाठी कापून काढलेला तुकडा त्यांनी मागून घेतलेला मला आता आठवला.

सकाळी ओट्यावर रुपयाएवढे चार पांढरट चट्टे. हिचं बोलणं इथं देत नाही. सारांश असा की ती गेली चौदा वर्षं ओट्यावर लिंबू चिरत नाही, चट्टे पडतात म्हणून, हे तिला भिंगाशिवाय माहिती होतं.

वही दिवाळीच्या आधी सापडली, बुलेटच्या साइडच्या डब्यात, पान्यांच्या खाली. धाकट्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो पाठवले. मी अधाशासारखा वाचायला बसलो तर दगडाचं नाव एकालाही नाही. "नं. ५. खंभात. भजी तेलकट. गाडी चुकली." खंभात म्हणजे ठीक, तिथं अकीक घासायचं काम हडप्पाच्या काळापासून चालतंय, मडक्यात घालून भाजतात आणि लाल करतात, म्हणजे आपल्या तांबड्या अकीकांचा पत्ता लागला. "नं. २२. जयपूर. पार्टीनं बिलाचे पैसे दिले नाहीत, हा दिला." हा मॅलाकाइट, शंकाच नाही. "नं. १४. भाच्याचा ओटा. पॉलिशला ३० रु." आणि एक, "नं. ३१. बांदा. आत झाड आहे. कोणाला दाखवायचं?"

३१ ची चिठ्ठी कसरीनं खाल्लेली. परत बाथरूममध्ये बादलीवर बसलो आणि एकेक चकती बॅटरीपुढं धरली. अकराव्या चकतीत सापडलं. दुधाळ दगडात काळं, फांद्या-फांद्यांचं, पानं गळालेल्या बाभळीसारखं. शजर म्हणतात ह्याला, यूपीतल्या बांद्याच्या केन नदीत मिळतो, आत झाड-बिड काही नसतं, मँगनीजची ऑक्साइडं फटीतनं तशी पसरतात. दार उघडून हिला हाक मारली. आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हा वरच्या कप्प्यात ठेवा."

आता शोकेस भरलंय आणि गल्लीत माझं नाव दगडवाले पडलंय. परवा खालच्या आळीतले काका आले, खिशातनं रुमालात बांधलेली प्लास्टिकची डबी काढली, आत मोहरीएवढा, तपकिरी, काटेरी दाणा. "एवढं बघा जरा. मंगळवारी पडला. डॉक्टर नुसतं खडा म्हणाले, जात सांगितली न्हाई." मुतखडा होता. मी तो घेतला, हो, घेतला, भिंगाखाली धरला आणि म्हटलं कॅल्शियम ऑक्झलेट असणार काका, बहुतेक तेच असतात. काकांनी समाधानानं मान हलवली. मी लिंबू आणायला उठलो तेवढ्यात आतून आवाज आला, "ओट्यावर ठेवू नका हं तो!"