परमिट लावून गावं श्रीमंत होत नाहीत

भाच्याने शहरात नोकरी शोधायला सुरुवात केली आणि नेमका तेव्हाच ताईला तो फॉरवर्ड आला: लोक झगमगाटाला भुलून गाव सोडतात, शहरं गावांना पिळून जगतात, म्हणून शहरात राहायला सरकारी परमिट लावा, गावं आपोआप श्रीमंत होतील. ताई आता त्याला अडवायला लागलीय. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

झगमगाटाचं आधी आटपू. कमाई दुप्पट झाली म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही. वाढीव पैसा कपडे, औषधं, शिक्षण, प्रवास यांवर जातो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेलने १८५७ मध्येच हे आकडेवारीनिशी मांडलं होतं. कामंही त्या पैशामागून जातात, आणि शेतात यंत्र आलं की तिथले हात रिकामे होतात. म्हणून लोक झगमगाटाला भुलून नाही, कामामागे शहरात जातात.

पिळण्याचा आरोप निम्मा खरा. धान्याचे भाव मुद्दाम पाडून शहरं पोसणारी सरकारं होऊन गेली आहेत. पण शहराची कमाई मुळात जवळ असण्यातून येते. शिलाईच्या कारखान्याशेजारी काज-बटणवाला, इस्त्रीवाला, मशीन दुरुस्त करणारा असे सगळे असतात. एका मालकाने कामावरून काढलं तर कारागीर दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत विचारू शकतो. विखुरलेल्या वस्त्यांत ही सोय कुठून आणणार?

आता परमिट. हा प्रयोग चीनने करून पाहिलाय. १९५८ मध्ये हुकौ, म्हणजे कोण कुठला रहिवासी याची सरकारी नोंदणी, सक्तीची झाली आणि शेतकरी गावाला बांधला गेला. पुढच्याच वर्षी दुष्काळ सुरू झाला. सरकार गावांतून धान्य उचलून शहरांना देत राहिलं आणि भुकेल्या माणसाला गाव सोडायची मुभा नव्हती. १९६१ पर्यंत दीड कोटींहून जास्त माणसं मेली, बहुतेक सगळी गावांतली. गाव वाचवायचा उपाय म्हणून हेच सुचवताय? १९७८ नंतर बंधनं हळूहळू सैलावली. तेव्हा शहरी लोकसंख्या १८ टक्के होती, २०२० मध्ये ६४ टक्क्यांच्या आसपास पोचली, आणि याच काळात गावांतली गरिबी झपाट्याने घटली. शहरात गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशाचा त्यात मोठा हात होता.

शहरात हाल होतात, हे मान्य. भाडं पगार खातं, काम मिळेलच याची खात्री नसते. तरी बरं काम मिळण्याच्या आशेवर लोक का जातात, याचा हिशेब हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये मांडला. पण त्या हालांवर परमिट हा इलाज नाही, त्याने ते वाढतात. शहराची नोंदणी नाही म्हणून तिथल्या शाळेत प्रवेश मिळेना, तेव्हा चीनमधल्या कोट्यवधी मजुरांना मुलं आजी-आजोबांकडे गावी ठेवावी लागली.