तू पुढं आलास की नाही?

आज संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबेल, वेळ असेल तर वाचा.

भाच्याची फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. चौदा वर्षांखालची पोरं, पुण्यातलंच एक मैदान. बरोबरी झाली, निकालासाठी पेनल्टी मारायची वेळ आली, म्हणजे टायब्रेकर लागला, आणि एका पोराची पेनल्टी बारवरून गेली. हरलो. कोचनं सगळ्यांना गोल उभं केलं, त्या पोराला मधे घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "याच्यामुळे हरलो." पोरगं खाली बसून बुटाची नाडी सोडत होतं, बांधत होतं, परत सोडत होतं. शेजारचे गृहस्थ मला म्हणतात, "असंच पाहिजे हो. प्रोफेशनल व्हायचंय ना? कातडी जाड व्हायलाच पाहिजे."

कसली कातडी? तेरा वर्षांचं लेकरू आहे ते.

१९९७ साली कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मीही अशीच पेनल्टी घालवली होती. सेमीफायनल, टायब्रेकर, पाचवी किक माझी. गोलकीपरच्या हातात दिली सरळ. ज्यांनी तिथली गॅलरी ऐकलीय त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री जेवलो नाही. पेठेतून मान वर करून चालायची सोय नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात सायकलची घंटी. आमचा कॅप्टन. हँडलला जाळीत बॉल लटकवलेला.

ते पुढे सांगतो. आधी हे प्रोफेशनलचं.

इंग्लंडचा बुकायो साका आठवा. ११ जुलै २०२१, वेम्बली, युरोची फायनल. पोरगा एकोणीस वर्षांचा, पाचवी पेनल्टी त्याची, इटलीचा गोलकीपर डोनारुम्मानं अडवली. त्यानंतर त्याच्या रंगावरून किती घाण ओकली लोकांनी! पण इंग्लंडचा कोच साउथगेटनं त्याला मैदानातच कवेत घेतलं आणि नंतर जगासमोर सांगितलं की पेनल्टी कुणी मारायच्या हे मी ठरवलं, जबाबदारी माझी. साउथगेटला ते कळत होतं, १९९६ला जर्मनीविरुद्ध त्यानं स्वतः पेनल्टी घालवलेली. आपल्या क्लबात, आर्सेनलमध्ये साका परतला तेव्हा चाहत्यांच्या पत्रांनी भरलेली भिंत त्याला दाखवली. आणि २०२४च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध हाच साका. आधी बरोबरीचा गोल यानं केला, मग टायब्रेकरला परत चालत गेला आणि मारली. पैसा त्याच्याकडे आधीही होता. पैशानं माणूस त्या ठिपक्यापर्यंत दुसऱ्यांदा जात नाही हो. आपल्या मागं कुणीतरी उभं आहे, एवढं माहीत असेल तरच जातो.

आता कुणीतरी कमेंटमध्ये मँचेस्टर युनायटेडचा जुना कोच फर्ग्युसनचं नाव काढेलच. ओरडायचा, मान्य. त्यानं लाथाडलेला बूट त्याच्याच संघातल्या बेकहॅमच्या भुवईवर लागला, तेही मान्य. पण ते ड्रेसिंग रूमच्या दाराआड. १९९८च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड मिळालं, सगळं इंग्लंड बेकहॅमवर उलटलं, त्याचे पुतळे टांगले, तेव्हा हाच फर्ग्युसन त्याच्या पाठीशी राहिला. पुढच्याच हंगामात युनायटेडनं तिन्ही मोठ्या ट्रॉफ्या उचलल्या. हे का नाही आठवत आपल्याला? फक्त ओरडणं तेवढं उचलायचं!

लांब कशाला, आपल्याकडचा कोच खालिद जमीलला बघा. २०१६ला मुंबई एफसी सुटलं आणि तो गेला मिझोरामच्या ऐझॉल एफसीला. आदल्या हंगामात आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मोठ्या लीगमधून, खाली घसरलेला, कसाबसा परत घेतलेला संघ. सोबत मुंबईचेच खेळाडू जयेश राणे, आशुतोष मेहता. २०१७ला मोहन बागानला एका गुणानं मागे टाकून ऐझॉल आय-लीग जिंकलं, आणि मुंबई एफसी त्याच वर्षी तळाला. कुणाला नको झालेल्यांवर कुणीतरी विश्वास टाकला की असं होतं.

तर ती सकाळ. कॅप्टन उद्यमनगरात लेथवर होता, पहिल्या पाळीला जायचा, नखांत काळं ग्रीस. मला गांधी मैदानावर घेऊन गेला. कामाच्या कपड्यांतच गोलमध्ये उभा राहिला. दोन चपला म्हणजे गोलपोस्ट. "मार." मी मारत गेलो. वीस तरी मारल्या असतील, निम्म्या बाहेर. मला रडू फुटलं तेव्हा जवळ आला आणि म्हणाला, "मर्दा, काल पाचवी कोण मारणार म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. तू पुढं आलास की नाही?" एवढंच. मग सायकल काढून पाळीवर गेला. त्या दिवशी त्याचा अर्धा तास कापला गेला होता, हे मला फार नंतर कळलं.

पुढची सहा वर्षं मी त्याच्यासाठी पळालो. पेठेसाठी पळालो म्हणत असे, पण खरं त्याच्यासाठीच. आम्हाला कुणालाच दमडी मिळत नव्हती. आता तिथं खेळाडूंना पैसे मिळतात, मिळायलाच हवेत.

मघाशी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, ती सकाळही काढली. त्याला आठवतच नव्हती. "कुठली पेनल्टी रं?" म्हणाला. मग थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "त्ये पोरगं एकटंच घरला गेलं काय? कोण होतं का संगं?"

मला सांगता आलं नाही. मी त्या गृहस्थांशी वाद घालून, भाच्याला घेऊन तरातरा निघून आलो होतो.

बहिणीकडून त्याच्या वडिलांचा नंबर घेतलाय. सकाळी फोन करतो.