अंबरनाथ बांधलं तेव्हा हेमाडपंत कुठे होते?

दर श्रावणात एक मजकूर फिरत येतो: "महाराष्ट्रातली काळ्या दगडाची सगळी जुनी मंदिरं हेमाडपंतांनी बांधली. चुन्याशिवाय दगड अडकवण्याचं तंत्र त्यांनीच शोधलं, म्हणून ती कधी ढासळत नाहीत." सोबत अंबरनाथच्या शिवमंदिराचा फोटो.

तो फोटोच मजकुराच्या मुळावर उठतो. अंबरनाथच्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इ.स. 1060. राज्य शिलाहारांचं, राजा मुम्मुणी. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख. महादेव गादीवर आला 1261च्या सुमारास. मधे दोनशे वर्षं! पणजोबांच्या लग्नात पणतूने पंगत वाढली म्हणण्यातलाच हा प्रकार.

तंत्राचं म्हणाल, तर बिनचुन्याचं बांधकाम हेमाद्रींच्या आधी पाचशे वर्षं चालू होतं. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकातलं, चालुक्यांचं, तेही कोरड्या सांध्यांचं. कारागिरी खरी बघायची ती मंडपाच्या छतात. चार तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्यांत तिरप्या शिळा टाकायच्या, उरलेल्या लहान चौकोनावर पुन्हा तिरप्या, असं करत वरचं भोक एका शिळेने झाकता येईल इतकं लहान करत न्यायचं. कमान नाही, चुना नाही. वरच्या वजनाने खालचा थर जागेवर राहतो.

'हेमाडपंती' ही एकच शैली आहे, हेही गृहीतच. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या मधे लहान लहान शिखरांच्या ओळी रचलेलं. माळव्यात परमारांनी उदयपूरला बांधलेल्या उदयेश्वराचंही तसंच. खिद्रापूरचा कोपेश्वर बघा, तिथे कर्नाटकी वळण दिसतं. हेमाद्रींनी मंदिरं बांधवलीच नाहीत असं मी म्हणत नाही. पण मोडी आणि बाजरीसुद्धा लोकांनी त्यांच्याच नावावर चढवली, तशीच मंदिरंही. ब्रिटिश गॅझेटियरांनी तो शब्द उचलला आणि तो छापील झाला.

राहिलं 'कधी ढासळत नाहीत'. या सांध्याचं बळ वजनात, आणि वैरी उंबर-पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी फटीत पडतं, मुळं पाण्यामागे आत शिरतात, शिळा बोटभर सरकते. छताची वरची शिळा गेली की खालच्या तिरप्या शिळांवरचा दाब संपतो, मग त्याही सुटतात. गावाबाहेरच्या पडक्या देवळात मंडपाच्या मधोमध दगडांचा ढीग दिसतो, तो बहुतेकदा असाच आलेला असतो.