संशोधकांना कोपरापासून नमस्कार

एडिसनचा जन्मदिवस, ११ फेब्रुवारी, अमेरिकेत संशोधक दिन म्हणून पाळतात. यंदा त्या निमित्ताने फिरलेल्या एका बॅनरवर एडिसनशेजारी चक्क एलईडी बल्ब होता. ज्यांना अजून इतकं जमत नाही, त्यांच्यासाठी या सूचना.

फोटो एडिसनचाच घ्या. त्याच्या १८७९ च्या दिव्यात कार्बनचा तंतू तापून उजळायचा. एलईडीत तंतूच नसतो, पण गोल काच दिसली की झालं. पांढऱ्या एलईडीला लागणारा निळा प्रकाश ज्यांनी मिळवला, त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पण तीन नावं बॅनरवर मावत नाहीत.

भांडी धुण्याच्या यंत्राची जोसेफिन कॉक्रन आणि वायपरची मेरी अँडरसन महिला दिनासाठी राखून ठेवा.

वॉल्टर हंटला वगळा. सेफ्टी पिनचं १८४९ चं पेटंट त्याने ४०० डॉलरना विकून टाकलं. असा माणूस प्रेरणादायी कसा होणार?

संडासाखालच्या वाकड्या पाइपाचं पेटंट अलेक्झांडर कमिंगचं, १७७५ चं. त्या वळणात साचलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. बाथरूम बरेच दिवस वापरलं नाही की जाळीखालचं असंच पाणी आटतं आणि घाण येते. तेव्हा दोन मग पाणी ओतू नका, सुगंधी फवारा मारा.

बॅगेची चेन मागून उसवायला लागली की बॅग फेका. बहुतेक वेळा दाते शाबूत असतात, पण बघायचं कशाला? चेनचं पहिलं रूप काढणाऱ्या व्हिटकम जडसनच्या १८९३ च्या पेटंटातले हुक ऐनवेळी सुटायचे. मग १९१३ साली गिडियन सुंडबॅकने दात्याला वर फुगवटा आणि खाली खळगा दिला, इंचाला १० दाते बसवले; एकाचा फुगवटा पुढच्याच्या खळग्यात रुततो. त्यांना रुतवतो तो रनर. वापरून वापरून त्याचे दोन पत्रे फाकतात आणि दाब पुरत नाही. बिघाड एवढाच! रनर उघड्या टोकाला आणा. जुळलेले दाते ज्या बाजूने बाहेर पडतात, तिथल्या दोन्ही कडा पकडीने केसभर दाबा, ओढून बघा, पुन्हा केसभर. एकदम आवळलात तर रनर अडकेल, नाहीतर चिरेल. तरी नाही जमलं, तर नुसता रनर बदलून मिळतो! त्याच्या पाठीवर ५ किंवा ८ असा आकडा असतो, तो साधारण बंद दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी. चेन जड चालत असेल तर दात्यांवर पेन्सिल घासा. आणि तुम्ही अख्खी बॅग कचऱ्यात घालता?

सूचना गेल्या चुलीत. रोज हातात असलेला बोटभर रनर एकदा उलटा करून बघत नाही आणि निघालात संशोधकांना वंदन करायला! लाज वाटत नाही? त्या बॅनरवरून आधी तो एलईडी काढा. मग डब्यात टाकलेली बॅग बाहेर काढा आणि रनरच्या पाठीवरचा आकडा वाचा.